न लिहिलेली चिठ्ठी

चिठ्ठीची घडी ओली होती. नखाएवढा कागद, चार पदरी दुमडलेला, आणि त्याच्या एका कोपऱ्यातून निळं काहीतरी बाहेर येऊ पाहत होतं — शाई होती, की इन्साफच्याच बोटाची सावली? तिने मूठ मिटली. पुन्हा उघडली. सकाळी चर्चमधून आल्यापासून हेच चाललं होतं, आणि आता अकरा वाजून गेले होते. मशीनवर पांढऱ्या कापडाचा ढीग तसाच पडला होता. झावळ्यांच्या रविवारी सेवेकऱ्यांनी घालायचे झगे, बावीस नग, प्रत्येकाच्या छातीवर लाल क्रूस. सात झाले होते. आठव्याचा क्रूस अर्धा शिवून सुई कापडातच रुतून राहिली होती, कुणी बोलता बोलता गप्प व्हावं तशी.

पाच वाजता दवाखान्यातून फोन यायचा होता. डॉक्टर एवढंच विचारणार होते — नाव लिहू का? आज कागद वर गेले तर पुढच्या महिन्यात ऑपरेशन, नाहीतर पुन्हा सहा महिने, आणि तुमच्या मुलाच्या, तादरसच्या हृदयाकडे बघता सहा महिन्यांची गोष्ट करू नका, बाई. हो म्हटलं तर यूस्तीनाची, तिच्या तेवीस वर्षांच्या लेकीची, एक किडनी काढून तादरसला लावणार. नको म्हटलं तर तादरस... तिचं मन त्या वाक्याच्या टोकापर्यंत जाई आणि तिथून मागे फिरे, पायरी नसलेल्या जिन्यावरून फिरावं तसं. स्वतःची द्यायला ती केव्हाच तयार होती. पण डॉक्टर हसून म्हणाले होते, "तुमची साखर बघता तुमची किडनी तुम्हालाच पुरली तरी देवाचे आभार माना." आणि यूस्तीनाला विचारलं तेव्हा तिने आईकडे बोट दाखवलं. "आई म्हणेल ते."

आई म्हणेल ते! आणि आईला कोण म्हणणार?

सकाळची गोष्ट. मिस्सा संपली, चर्चचे पाद्री अबूना साराबामून यांनी ओंजळीतलं पाणी आधी वर, कळसाकडे उडवलं — अर्पणाच्या देवदूताला निरोप — आणि मग लोकांवर शिंपडलं. सगळे चेहरे वर करून, डोळे मिटून उभे होते, तापलेल्या अंगणावर पाणी मारावं आणि माती हसावी तसे. आणि त्याच ओल्या तळहातावर तीन चिठ्ठ्या घेऊन म्हातारे अबूना वेदीच्या दारापाशी आले होते. तीन रविवार त्या चिठ्ठ्या वेदीवर, रेशमी कापडाखाली, भाकरी आणि प्याल्याच्या शेजारी राहिल्या होत्या. पूर्वापार अशीच रीत. माणसाचं डोकं चालेनासं झालं की तीन चिठ्ठ्या करायच्या — एकीवर हो, एकीवर नको, एक कोरी. कोरी म्हणजे थांब. तीन मिस्सांची प्रार्थना त्यांच्यात मुरू द्यायची आणि मग एक उचलायची. उरलेल्या दोन न उघडता धुपाटण्यात.

तिने उचलली होती. बोटं कशावर पडली ते आठवतही नव्हतं. उरलेल्या दोन निखाऱ्यावर पडून आधी चुरचुरल्या, कारण ओल्या होत्या, आणि मग एकदम पेटल्या.

"उघड की," अबूना म्हणाले होते.

"घरी जाऊन बघते, अबूना."

"देवाने पत्र धाडलं, आणि तू काय, चष्मा विसरलीस?" म्हातारा दाढीतल्या दाढीत हसला. मग तिच्या चेहऱ्याकडे बघून हसायचा थांबला. तिच्या हातावर प्रसादाची भाकरी ठेवली, आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला तो नेहमीपेक्षा थोडा जास्त वेळ.

त्यांना कळलं असेल? छे. त्यांना कसं कळणार. त्यांनी चिठ्ठ्या घेताना विचारलं होतं — तीन आहेत ना? हो, नको आणि कोरी? — आणि मी वेदीच्या दारात उभी राहून, देवाच्या आईच्या तसबिरीखाली, म्हटलं होतं, हो अबूना, तीन आहेत. तीनच होत्या. एवढं तरी खरं होतं.

तिने चिठ्ठी पोलक्यात सारली आणि मशीनवर पाय ठेवला. मशीन धडधडलं. गेली तीस वर्षं तिची प्रार्थना ह्या धडधडीखालीच चालत आली होती. नवरा गेला तेव्हाही, तादरसला पहिल्यांदा रक्त गाळायच्या यंत्राला लावलं तेव्हाही. टाक्यागणिक एक शब्द — प्रभो, दया कर, प्रभो, दया कर — आणि शिवण संपून दोरा तोडला की वाटायचं, आता. आता ह्या शांततेत तो काहीतरी बोलेल. आणि नेमका त्याच क्षणी खालच्या गल्लीत गॅसवाला यायचा, सिलिंडरवर पाना आपटत — टण्, टण्, टण् — शुब्रा वस्तीतल्या सगळ्या गृहिणींना जणू शेवटच्या न्यायाला बोलावत. त्याच्यामागे भंगारवाला कर्णा लावून. त्याच्यामागे टुकटुक रिक्षा, आतली गाणी बाहेरच्या पत्र्यापेक्षा जोरात. बोलणाऱ्याने बोलायचं कधी?

इतरांशी मात्र तो बोलायचा. चर्चमध्ये बायका सांगत. कुणाला संत पांढऱ्या घोड्यावर दिसला आणि त्याने घर बदलू नकोस म्हटलं. कुणाला बाळाचं नाव कानात सांगितलं. उम्म नबीलला — नबीलच्या आईला — तर कपडे धुण्याचं मशीन कुठलं घ्यावं तेही कुमारी माता स्वप्नात येऊन सांगून गेली होती, आणि ते मशीन अजून चालतंय. इन्साफ हे सगळं खरं मानायची, हसायची नाही. फक्त रात्री उशीला डोकं टेकताना तिच्या मनात यायचं, एवढे सगळे निरोप ह्या गल्लीत पोचतात, मग माझ्याच दाराशी येऊन पत्ता कसा चुकतो?

"अगं उम्म तादरस! मेलीस का आत?"

इमारतीमधल्या उघड्या चौकापलीकडच्या खिडकीत उम्म शेरीफ उभी होती, ओल्या चादरीच्या मागे नुसतं डोकं. अठरा वर्षांची शेजारीण. तिच्या रमजानला इन्साफ दिवसा खिडकीत उभी राहून खात नसे, आणि इन्साफच्या उपासात ती तूप-मांस न घालता तेलातलीच भाजी करून टोपलीतून पाठवी.

"जिवंत आहे. मशीनच्या आवाजात ऐकू नाही आलं."

"मशीन तर कधीचं बंद आहे. मी तीन हाका मारल्या." उम्म शेरीफने चादर झटकली. "पोरगा आला?"

"यंत्रावर आहे अजून. सहाला सोडतील."

"आणि ते दुसरं? तुमच्या देवाने काही सांगितलं की नाही?"

"अजून काही बोलला नाही."

"आमच्यात बाई सोपं असतं. दोन रकात नमाज पढायची, त्याला सांगायचं, बाबा, तूच दाखव. मग मन जिकडे वळेल तिकडे निघायचं."

"आणि मन दोन्हीकडे वळलं तर?"

"मग ते मन नव्हे, टुकटुक!" उम्म शेरीफ स्वतःच खोखो हसली, आणि हसता हसताच तिने ओढणीच्या टोकाने डोळा पुसला. "तुझी ती होणारी विहीण काय म्हणते?"

"म्हणते, आम्ही अख्खी मुलगी मागितली होती."

"तिच्या जिभेला फोड येवो! तिचा मुलगा कोणता अख्खा आहे? चेहऱ्यावर नाकाशिवाय काही दिसत नाही." मग आवाज खाली आणून, "ऐक. पोरीला विचारलंस?"

"विचारलं. म्हणाली, आई म्हणेल ते."

उम्म शेरीफने चादर दोरीवर सारखी केली. चादरीला चिमटा लावला. दुसरा लावला. "पोरी असंच म्हणतात," ती म्हणाली, आणि आतून कुकरची शिट्टी झाली म्हणून गेली.

पोरी असंच म्हणतात. इन्साफही म्हणाली होती एकदा, लग्नाच्या वेळी. असियूतकडच्या गावात, उन्हात फुगत ठेवलेल्या भाकऱ्यांच्या ओळीमागे उभी राहून — आई म्हणेल ते. आणि आई पीठ थापता थापता गात होती, तिचं नेहमीचंच,

खांबाला लावते तेल, खांब उभा माझ्या दारी
सावलीला काय घालू, ती तर पडे भुईवरी

खांब म्हणजे इन्साफचे भाऊ. सावली कोण ते विचारायची गरज नव्हती. इन्साफने ते गाणं आपल्या पोरांना कधी म्हटलं नव्हतं. ठरवूनच नव्हतं म्हटलं. दोघांना एकाच ताटात जेवू घातलं, एकाच शाळेत धाडलं, मांसाचा तुकडा सुरीने मधोमध कापला... आणि तरीही गाणं कुठे गेलं होतं? तोंडात नव्हतं, म्हणून काय हातातही नव्हतं?

हात. तिने आपला उजवा हात मशीनच्या पाटीवर ठेवला आणि त्याच्याकडे बघितलं. ह्याच हाताने लिहिल्या होत्या चिठ्ठ्या. बुधवारची दुपार होती. यूस्तीनाच्या जुन्या वहीचं पान फाडून तीन तुकडे केले, पहिल्यावर लिहिलं — हो. दुसरा पुढे ओढला. खाली गॅसवाला आपटत होता. आतल्या खोलीत तादरस खोकला, आणि खोकून झाल्यावर जो लांब श्वास घेतो, विहिरीतून भरलेली बादली ओढावी तसा, तो त्याने घेतला. तिने दुसऱ्या तुकड्यावर लिहिलं — हो.

हाताची चूक झाली, असं ती स्वतःशी म्हणाली. एवढ्या गोंगाटात चूक होते. अख्खी वही समोर होती. दुसरा कागद फाडता आला असता. तिने नाही फाडला. घडी घातली. तिसरी कोरी तशीच दुमडली, आणि तिन्ही चिठ्ठ्या स्वयंपाकघरात डाळीच्या बरणीखाली ठेवून दिल्या, रविवारपर्यंत. मग तीन रविवार, तीन मिस्सा, अबूनांचा थरथरता आवाज, सगळ्या मंडळीचं आमेन... आणि त्या सगळ्यात, वेदीवर, रेशमाखाली, नको कुठेच नव्हतं. देवाला नको म्हणायचं असतं तर त्याने कशाने म्हटलं असतं?

ती उठली. खिडकी लावली. दुसरी लावली. पंखा बंद केला. तरीही काहीतरी गुरगुरत होतं, म्हणून फ्रिजची पिन काढली. भिंतीवरचं घड्याळ उतरवून कापडांच्या ढिगात खुपसलं, आठव्या झग्याच्या खाली. चप्पल काढली. जमिनीवर बसली, आणि गुडघ्यांत डोकं घातलं. बोल आता. बोल. मी फसवलं तुला, कबूल, पण तू तर फसत नाहीस ना. मग माझ्या तीन चिठ्ठ्यांच्या बाहेरचं काहीतरी बोल. एक शब्द. अर्धा. मला सोडव...

तिच्या गावच्या चर्चमध्ये एक चित्र होतं. अब्राहामाने सुरी उचललीय, लाकडांवर पोरगं बांधलंय, आणि वरून देवदूताने त्याचं मनगट धरलंय, झुडपात मेंढा. लहानपणी ती मेंढ्याकडेच बघत बसायची. आज तिला वाटलं, त्या म्हाताऱ्याला दोन आवाज आले होते. पहिला म्हणाला, दे. दुसरा म्हणाला, थांब. पण ते डोंगरावर होते. तिथे गॅसवाला नव्हता. समजा तो डोंगर शुब्रात असता, समजा नेमका दुसऱ्या आवाजाच्या वेळी खालून टण्, टण्, टण् — तर? पहिला आवाज ऐकून सुरी उचललेला बाप दुसऱ्या आवाजाविना... आणि सारा कुठे होती? त्या पोराची आई? चित्रात ती नव्हतीच. घरी असणार. भाकरी थापत असणार. तिला कुणी काही विचारलं नाही, सांगितलं नाही. आणि मला मेलीला सगळं विचारताहेत, आणि मी काय केलं? मी मेंढ्याची चिठ्ठी ठेवलीच नाही.

बंद खोलीत आता काहीच आवाज नव्हता, आणि मग एक आला. आधी दुरून, मग अगदी कानात. सरसर... सरसर... ती श्वास रोखून ऐकत राहिली. मग ओळखू आलं. तादरसच्या डाव्या हातात, डॉक्टरांनी जिथे शीर शिरेला जोडली होती यंत्राच्या सुयांसाठी, तिथे हात लावला की आत असंच काहीतरी वाहतं. तो झोपला की ती हळूच कान टेकवून ऐकायची, चालू आहे ना, वाहतंय ना. आता ते तिच्या स्वतःच्या कानात वाहत होतं. तिचंच रक्त. एवढ्या शांततेत तिला ऐकू आली ती फक्त ती स्वतः. आणि ती म्हणत होती — हो, हो, हो, हो.

किती वेळ गेला कोण जाणे. यूस्तीनाच्या अंगाला कुणी कान टेकवून ऐकलं होतं कधी? ती फारशी आजारी पडलीच नाही कधी. गोवर आला तोही तादरसच्या मागोमाग, त्याच्यापेक्षा कमी. तिचं शरीर आवाजच करायचं नाही.

दाराची कडी वाजली. पावणेपाच. यूस्तीना औषधांच्या दुकानातून आली, सँडल काढून एका पायाने दुसऱ्याची टाच चोळत उभी राहिली, आणि खोलीकडे बघितलं. लावलेल्या खिडक्या, थांबलेला पंखा, जमिनीवर बसलेली आई.

"वीज गेलीय?"

"नाही."

"मग फ्रिज का बंद?" ती आत गेली, पिन लावली, पाण्याचा पेला घेऊन बाहेर आली. "बर्फ वितळून खाली आलाय, आई. उद्याची भाजी गेली." मग तिने कापडाच्या ढिगातून टिकटिक ऐकली, हात घालून घड्याळ बाहेर काढलं, आणि हसली. "ह्याने काय घोडं मारलं तुझं?"

इन्साफने पोलक्यातून चिठ्ठी काढली. तळहातावर धरली.

यूस्तीनाचं हसू जागच्या जागी राहिलं, पण डोळ्यांतून गेलं. "काय निघालं?"

"उघडली नाही."

"का?"

खिडकी बंद होती तरी खालून गॅसवाला ऐकू येत होता, संध्याकाळची फेरी. इन्साफ बोलली ते त्याच्या दोन टोल्यांमध्ये, इतक्या हळू की तिला वाटलं पोरीला ऐकू गेलं नसेल, आणि बरंच झालं असेल. "त्यात नको नव्हतंच. मी लिहिलंच नव्हतं."

यूस्तीनाने पाणी प्यायलं. सगळं. पेला मशीनवर ठेवला, आठव्या झग्याच्या बाजूला, कापडाला डाग पडणार नाही असा जपून.

"माहीत आहे," ती म्हणाली.

"कसं?"

"डाळीच्या बरणीखाली ठेवल्या होत्यास. डाळ कोण काढतं घरात?"

"उघडल्यास?"

"चार दिवस होत्या तिथे. रोज उघडायचे." ती पुन्हा टाच चोळू लागली. "वाटायचं, आज लिहिलं असशील. गुरुवारी बघितलं, शुक्रवारी बघितलं. शनिवारी तर पेन घेऊन बसले. त्या कोऱ्या कागदावर. पण मग अक्षर माझं झालं असतं ना."

"बोलली का नाहीस, पोरी? तीन आठवडे... एक शब्द..."

"तू देवाशी बोलत होतीस," यूस्तीना म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर इन्साफला धरायला काहीतरी मिळालं असतं. "मध्ये मी कशी तोंड घालू?"

आणि फोन वाजला.

पाचला दहा मिनिटं होती. डॉक्टर घाईत असतील. फोन जेवणाच्या टेबलावर थरथरत थोडा थोडा सरकत होता, आणि दोघी त्याच्याकडे बघत होत्या, तो पडतो की काय असं. यूस्तीनाने हात पुढे केला नाही. इन्साफनेही नाही. तिच्या तळहातावर चिठ्ठी होती, आता घामाने जास्तच ओली, आणि कोपऱ्यातून खरोखरच निळं उतरत होतं रेषांमध्ये; पण तिन्ही एकत्र भिजल्या होत्या, एकीची शाई दुसरीला लागली असेल, कोरीलाही. त्यातून काही कळणार नव्हतं. कळायला हवंही होतं का? तिने चिठ्ठी मशीनच्या पाटीवर ठेवली, सुईच्या शेजारी, आणि प्रथमच तिला हात रिकामा वाटला.

"यूस्तीना."

"हं."

"आई म्हणेल ते नको म्हणूस." तिला स्वतःचा आवाज ओळखू येईना. "तुला काय हवंय? तादरसचं नाही. माझं नाही. त्याचं... त्याचंही नाही. तुझं."

पोरीने मान वर केली. इन्साफला तो चेहरा दिसला, आणि तिला आठवेना की ह्याआधी तो कधी पाहिला होता. वरचा ओठ किंचित उचललेला, गळ्याची शीर उडताना स्पष्ट दिसणारी. सावलीला गळा असतो. गळ्यात शीर असते. यूस्तीनाचे ओठ हलले. खाली टण्, टण्, टण्. फोन वाजतच होता. उम्म शेरीफच्या घरातून कुणीतरी टीव्ही मोठा केला. आणि त्या सगळ्यात ते ओठ काय म्हणाले ते पोचलं नाही.

"काय?"

इन्साफ उठली. गुडघ्यांवर हात ठेवून, एकेक पाऊल टाकत, पुढे गेली. दिवसभर ती ऐकू येत नाही म्हणून रडकुंडीला आली होती. आता ऐकू येईल, याचीच तिला भीती होती. कारण पोरगी काहीही म्हणू शकत होती. हो म्हणू शकत होती. नको म्हणू शकत होती. आणि दोन्हीला ह्या घरात आता जागा करावी लागणार होती... प्रभो, दया कर, असं तिच्या ओठांवर सवयीने आलं, आणि तिने ते तिथेच थांबवलं, म्हणजे तेवढाही आवाज मध्ये नको.

मग तिने आपला कान पोरीच्या तोंडापाशी नेला, रात्री तादरसच्या हाताला टेकवायची तसा, आणि श्वास रोखून धरला.